सायकलवरची पुस्तके आणि हेराक्लियोकाकांचे मौन

अन्सेल्मोने वडिलांना पहिले पुस्तक सुचवले, तेव्हा या प्रकरणात पुढे रुग्णवाहिका येणार आहे याची त्याला सुतराम कल्पना नव्हती.

पुस्तक साधेच होते. बेल्जियममधल्या एका पाववाल्याच्या आठवणी. हा गृहस्थ आयुष्यभर पहाटेच्या धुक्यात सायकलवरून पाव पोहोचवत असे, आणि घंटीचा आवाज भिंतीवर आपटून कसा परत येतो यावरून कोणाचे दार आले ते ओळखत असे. अन्सेल्मोला ते इतके आवडले की वाचून झाल्यावर काही दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. एरवीही तो कोणाशी फारसे बोलत नसल्यामुळे हा फरक गावाच्या लक्षात आला नाही, ही गोष्ट वेगळी.

तोकाबिता हे बोयाका प्रांताच्या डोंगरातले गाव. तिथे बटाट्याच्या वखारीवर जी एक खोली आहे, ती नगरपालिकेचे वाचनालय. आणि त्या खोलीत जो उंच, किंचित वाकलेला तरुण बसतो, तो अन्सेल्मो. पुस्तके सुचवणे हे त्याचे कामच होते. अडचण एवढीच, की हे गाव वाचणाऱ्यांचे नव्हते, सायकल चालवणाऱ्यांचे होते. तिथली पोरे आधी पॅडल मारतात आणि मग सावकाश चालायला शिकतात. अशा गावात अन्सेल्मो हा एकटा असा होता, की जो चढ चढून जाई आणि उतार लागला की खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागे. उताराची त्याला भीती वाटे. गावाने त्याला याबद्दल कधी हिणवले नाही. गवयाच्या घरी बेसूर मुलगा निघाला तर शेजारी ज्या हळुवारपणे विषय बदलतात, तसे लोक विषय बदलत. अन्सेल्मोला ते हिणवण्यापेक्षा जास्त लागत असे.

कारण गवई म्हणजे त्याचे वडील. हेराक्लियोकाका स्वतः कधी शर्यत धावले नाहीत, पण त्यांच्यावाचून त्या डोंगरात शर्यत झाली नाही. स्थानिक रेडिओचे ते समालोचक. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून, एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने माइक सांभाळत त्यांनी अर्धे आयुष्य घाटात काढले. त्या भागात आजही टीव्हीवर सायकलची शर्यत लागली की लोक टीव्हीचा आवाज बंद करतात आणि शेजारी रेडिओ लावतात. टीव्हीवर शर्यत नुसती दिसते, होते ती रेडिओवर, असा तिथला समज आहे, आणि हा समज मुख्यतः हेराक्लियोकाकांनी निर्माण केलेला होता.

मागच्या वर्षी गावच्या शर्यतीत मात्र त्यांनी भलत्याच मुलाला जिंकवले. रेषेवर एक जण पोहोचला आणि काकांनी नाव पुकारले दुसऱ्याचे. त्या दुसऱ्याची आई आनंदाने रडू लागली, बँडवाले तिच्याभोवती वाजवू लागले, आणि खरा विजेता बाजूला उभा राहून आपल्याच हाताने पाणी प्यायला. गाव पोट धरून हसले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत विसरलेही. हेराक्लियोकाका विसरले नाहीत. त्यांनी माइक कपाटात ठेवला आणि त्या दिवसापासून ते घरात तीनच गोष्टी बोलू लागले: ‘हो’, ‘नको’ आणि ‘चांगलं आहे’. त्याच वर्षीचा जुलै आला. फ्रान्समधली मोठी शर्यत सुरू झाली. काका रोज सकाळी टीव्ही लावत, रिवाजाप्रमाणे त्याचा आवाज बंद करत, आणि रेडिओ काही लावत नसत. जगातली सर्वांत मोठी शर्यत त्या घरातून मुक्याने जात असे, आणि समोर बापलेक गुळाचे गरम पाणी पीत बसलेले असत. आई गेल्यापासून घरात जो आवाज होता, तो एवढाच होता. आता तोही नव्हता.

अन्सेल्मोला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी पुन्हा बोलावे. मात्र एखाद्याला बोलते कसे करायचे, हे ज्याला स्वतःलाच कोणी कधी बोलते करू शकले नाही त्याने कोणाला विचारावे? त्याच्याजवळ पुस्तके होती. त्याने पुस्तक दिले.

“चांगलं आहे,” हेराक्लियोकाका आठवड्याने म्हणाले, आणि पुस्तक कपाटावर ठेवले.

या दोन शब्दांवर अन्सेल्मोने जेवढा विचार केला, तेवढा विद्यापीठांतून ग्रंथांवरही होत नसेल. चांगले आहे म्हणजे आवडले, की चांगले आहे म्हणजे पुरे? पाववाला शेवटी म्हातारा होतो, ते खटकले असेल काय? त्याने दुसरे पुस्तक दिले. ही कादंबरी होती, संघातल्या एका पाणक्याची. संघनायकासाठी पाण्याच्या बाटल्या वाहून नेणे एवढेच ज्याचे काम, आणि एकदा तरी पहिला घोट आपण घ्यावा एवढीच ज्याची इच्छा. काका म्हणाले, चांगलं आहे. तिसरे पुस्तक दोन बहिणींचे होते. एकाच सायकलवरून, आळीपाळीने पॅडल मारत समुद्र पाहायला निघालेल्या. तेही चांगले होते. अन्सेल्मोला वाटू लागले की आपल्या वडिलांची अभिरुची अतिशय उच्च असून आपण तिच्या पायथ्याशीच घुटमळत आहोत.

शेजारच्या ओतिलियाबाईंनी यात पहिल्यांदा लक्ष घातले. त्या दारात मक्याच्या जाड भाकऱ्या, म्हणजे अरेपा, भाजत आणि विकत, आणि भाजता भाजता गावाला सल्ले देत. त्या डोंगरात, सांगायचे राहिले, सगळेच एकमेकांना अहो-जाहो करतात. आई तान्ह्या बाळाला, बाप मुलाला, शेतकरी बैलाला. कोणाचा अपमान करायचा झाला तरी त्याची सुरुवात ‘अहो’नेच करावी लागते, त्यामुळे तो जास्त खोल जातो.

“अहो अन्सेल्मो, पाववाला झाला वाचून माझा,” बाई म्हणाल्या. कपाटावरची पुस्तके त्या परस्पर घेऊन जात होत्या, हे त्याला तेव्हा कळले. “थंडी आहे, पाव आहे, माणूसही गुणी आहे. पण चढ कुठाय त्यात? चढ नसलेलं पुस्तक तुमच्या वडिलांच्या घशाखाली उतरेल कसं?”

बेल्जियमच्या त्या भागात डोंगरच नाहीत, असे अन्सेल्मो पुटपुटला.

“मग तिथल्या माणसाने लिहावं कशाला?” बाईंनी विचारले.

त्यानंतर अरेपांबरोबर पुस्तके सुचवण्याचा उद्योगही बाईंनी सुरू केला. गुडघे दुखणाऱ्याला त्यांनी त्या दोन बहिणी दिल्या, कारण त्यांत अर्धा वेळ नुसते मागे बसायचे होते. नव्याने लग्न झालेल्या एका जोडप्याला पाणक्याची कादंबरी दिली. घरात बाटल्या कोणी वाहायच्या हे नवऱ्याला आधीच कळलेले बरे, असे त्यांचे म्हणणे. वाचनालयात ज्या पुस्तकांवर धूळ साचे, ती बाईंच्या शेगडीजवळ हातोहात जाऊ लागली आणि परत येताना त्यांना लोण्याचा वास येऊ लागला. अन्सेल्मोला याचा आनंद व्हायला हवा होता. पण सगळे गाव सायकलवरची पुस्तके वाचत असताना ज्या एका माणसासाठी हे चालले होते, तो तसाच मुका बसलेला होता.

दुसरा सल्ला क्रिसांतोशेठनी दिला. शेठ म्हणजे सायकलच्या दुकानाचे मालक आणि सायकल मंडळाचे तहहयात अध्यक्ष. देहाने आता इतके विस्तारलेले, की ते सायकल फक्त विकत असत. वाचनालयाच्या पायऱ्या चढून वर आल्यावर त्यांनी आधी श्वास घेतला आणि मग पुस्तकांच्या रांगेकडे बोट केले.

“यातल्या कशात आपला माणूस जिंकतो?”

“कशातच नाही,” अन्सेल्मोने प्रामाणिकपणे सांगितले. “खरं म्हणजे यांत कोणीच जिंकत नाही.”

“मग ती शर्यत कसली? तिला सहल म्हणतात.” शेठ खुर्चीत बसले. खुर्चीने जे काही म्हटले ते दोघांनीही ऐकले नाही असे दाखवले. “हे बघा, पुस्तक एकट्याने वाचायचं असतं. हेराक्लियो कधी एकटे बोललेत? त्यांना समोर माणसं लागतात. सिनेमा दाखवा. सगळ्या गावाला बोलवा. मधे त्यांना बसवा. बोलले नाहीत तर माझं नाव बदला.”

अन्सेल्मोने रात्रभर विचार केला आणि शेठच्या बोलण्यात तथ्य आहे या निष्कर्षावर तो नाइलाजाने आला. सायकलवरचे चित्रपट त्याने पुष्कळ पाहिले होते, एकट्याने. कित्येक चित्रपटांत शेवटी हात उंचावतात आणि बँड वाजतो. ते त्याने बाजूला ठेवले. त्याने निवडला तो एका थकलेल्या पाणक्याचा. शेवटची शर्यत. पाऊस. पहिल्या अर्ध्या तासात कोणी एक अक्षर बोलत नाही आणि पुढेही क्वचितच. माणूस एकटा मागे पडत जातो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर मागे पडत जातो. त्याने तो तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा खिडकी उघडून बराच वेळ उभा राहिला होता. बाबांना हाच समजेल, असे त्याच्या मनाने घेतले. सार्वजनिक कार्यक्रमासाठी याहून वाईट निवड शोधूनही सापडली नसती, हे सांगणारे त्याला कोणी भेटले नाही, कारण त्याने कोणाला विचारले नाही.

आता परवानगी. नगरपालिकेत दोन खिडक्या होत्या, संस्कृतीची आणि क्रीडेची. संस्कृतीच्या खिडकीत नूबियाबाई बसल्या होत्या. चित्रपट दाखवायचा आहे, सायकलवरचा, असे अन्सेल्मोने सांगितले.

“सायकल? मग क्रीडा,” बाई म्हणाल्या.

तो क्रीडेच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आतल्या बाजूने बाईही उठून तिथे आल्या, बसल्या, चष्मा पुसला आणि त्यांनी नव्या ओळखीने विचारले, “बोला, काय काम?” सुट्टीवर गेलेल्या सहकाऱ्याची खिडकी त्यांच्याकडे होती. पण एका खिडकीत ऐकलेले दुसऱ्या खिडकीत ठाऊक असणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. अन्सेल्मोने सगळे पुन्हा सांगितले. चित्रपट म्हणजे संस्कृती, असे त्यांनी त्याला कळवले. तो परत गेला. त्याही परत आल्या. असे कितीदा झाले असते देव जाणे, पण बाईंची कंबर दुखत होती, आणि त्या कंबरेमुळेच निकाल लागला: ज्या कार्यक्रमात सायकल हा शब्द आहे तो सायकलचा कार्यक्रम. सायकलच्या कार्यक्रमाला रस्ता बंद हवा, रुग्णवाहिका हवी, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट हवे.

“पण यात कोणीच सायकल चालवणार नाहीये,” अन्सेल्मो म्हणाला.

“मग सायकलचा कार्यक्रम म्हणून अर्ज करताय कशाला?”

मागे रांग वाढत होती आणि लोक त्याच्याकडे पाहत होते. लोक पाहू लागले की अन्सेल्मो कशालाही हो म्हणत असे. त्याने सही केली.

जागा पाद्रीबाबांनी दिली, चर्चचे सभागृह. पण दिली ती कार्मेन मातेच्या सणाच्या रविवारी. त्या दिवशी गावातली यच्चयावत वाहने चर्चपुढे आशीर्वादाला येतात. ट्रकला फुलांच्या माळा, बसला फुगे, ट्रॅक्टरला रिबिनी. पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडत पुढे जातात आणि ज्याच्यावर पाणी पडले तो कृतज्ञतेने हॉर्न वाजवतो. सभागृह त्या दिवशी तसेही उघडे असते, असे पाद्रीबाबांचे म्हणणे. ते खरेच होते.

सणाच्या दुपारी अन्सेल्मो पडदा बांधत होता, तेव्हा बाहेर सायकलस्वार जमू लागले. शेजारच्या तीन गावांतले, चकचकीत कपडे घातलेले, पाठीवर नंबर लावलेले. रविवारी रस्ता बंद होणार, अशी बातमी डोंगरात पसरली होती. आणि रविवारी रस्ता बंद म्हणजे शर्यत, यात त्या भागातल्या कोणाला काही विचारावेसे वाटत नाही. नंबर त्यांनी आपापल्या घरूनच आणले होते, त्यामुळे सात नंबरचे तिघे जण होते. सुरुवात कुठून आहे, असे त्यांनी अन्सेल्मोला विचारले. सुरुवात पाच वाजता आहे, तो म्हणाला. चढ किती? चढ बराच आहे, पण पडद्यावर. स्वार एकमेकांकडे पाहू लागले. एवढ्यात रुग्णवाहिका आली आणि रस्ता अडवणाऱ्या पोलिसाने तिला आत सोडायला नकार दिला, कारण रस्ता बंद होता. रुग्णवाहिकेच्या चालकाने गाडीला आशीर्वाद मिळेल काय अशी विचारणा केली आणि तो ट्रकांच्या रांगेत जाऊन लागला. अन्सेल्मो चर्चच्या खांबाआड जाऊन उभा राहिला. आपण इथून थेट वाचनालयात जावे, दाराला आतून कडी लावावी आणि आयुष्याचा उरलेला भाग तिथेच काढावा, असे त्याला फार मनापासून वाटले.

मग त्याला बाबा दिसले. काळ्या लोकरीचा रुआना पांघरून, टोपी नीट बसवून, ओतिलियाबाईंचा दंड धरून ते येत होते. ‘आलात तर बरं वाटेल’ एवढेच तो सकाळी म्हणाला होता, आणि ते ‘हो’ म्हणाले होते. एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत ते रांगेत शिरले आणि बसले. अन्सेल्मो आत गेला.

आता सभागृह गच्च भरले. शर्यत नाही म्हटल्यावर स्वारांना दुसरे काही करायला नव्हते, आणि नियमाप्रमाणे ते हेल्मेट घालूनच बसले. दिवे मालवले. पडद्यावर पाऊस सुरू झाला. बाहेर पाद्रीबाबांनी बटाट्याच्या ट्रकवर पाणी शिंपडले आणि ट्रकने जो हॉर्न दिला त्याने खिडक्यांची तावदाने थरथरली. त्यानंतर दर मिनिटाला एक वाहन कृतज्ञ होत गेले. चित्रपटात जी दोन-चार वाक्ये होती ती फ्लेमिश भाषेत होती, आणि त्यांचा तळाशी उमटणारा तर्जुमा पुढच्या हेल्मेटांमुळे मागच्यांना दिसत नव्हता.

“आवाज बंद करा आणि रेडिओ लावा,” क्रिसांतोशेठ म्हणाले.

यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आवाज बंद झाला. चारपाच खिशांतून चारपाच ट्रान्झिस्टर निघाले आणि सगळ्यांवर गाणी लागली होती. बेल्जियमचा तो थकलेला पाणक्या पावसात चढ चढत होता आणि खाली एकॉर्डियन वाजत होते. असे कसे, असे लोक कुजबुजू लागले. मग एकेक मान हेराक्लियोकाकांकडे वळली.

“नको,” काका म्हणाले.

तेव्हा सणाच्या मिरवणुकीसाठी तिथे आणून ठेवलेला माइक शेठनी स्वतःच हातात घेतला. “चाललाय,” ते म्हणाले. लोक थांबले. “चाललाय अजून.” मग बराच वेळ काही नाही. “घोट घेतला पाण्याचा. आता परत चाललाय.”

मागून कोणीतरी विचारले, शेठ, तुम्ही दुकानातही असंच गिऱ्हाइकाशी बोलता का? लोक हसले. शेठनी कपाळ पुसले. हसणे ओसरले आणि माइकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. तिसऱ्या रांगेत काहीतरी हलले. हेराक्लियोकाका उठले होते. समालोचकाला एक वेळ खोटे चालते, पण माइक उघडा असताना शांतता चालत नाही; ती त्यांच्या कानांना सोसेना. त्यांनी हात पुढे केला आणि शेठनी मोठ्या सुटकेने माइक त्या हातात ठेवला.

“मित्रांनो, डोंगरातल्या मायबहिणींनो,” काकांनी सुरुवात केली, आणि सभागृहातल्या प्रत्येकाची पाठ आपोआप ताठ झाली. तोच आवाज. खालून चढत येणारा, वळणावर श्वास घेणारा. “आपण आहोत चढाच्या पायथ्याशी, आणि हा रस्ता माणसाला विचारत नाही की आई कोण, गाव कोणतं. तो विचारतो पाय कुठे आहेत. हा चढ आपल्यापर्यंत आणला आहे ओतिलियाबाईंच्या अरेपांनी, कडेने कुरकुरीत, मनाने मऊ.” टाळ्या पडल्या. ओतिलियाबाईंनी उठून मान झुकवली. झाले, अन्सेल्मोला वाटले. बाबा बोलले.

“आणि काय ऊन पडलंय, मित्रांनो,” काका पुढे म्हणाले. “डोक्यावर सूर्य, रस्ता तापलेला.”

पडद्यावर पाऊस मुसळधार कोसळत होता. कोणीतरी हसले, काकांनी गंमत केली म्हणून.

“पुढे एकच गडी निसटलाय, पांढरा शर्ट, मागे वळून बघतोय!”

पडद्यावर कुंपणापलीकडे एक पांढरी गाय उभी होती. आता पुष्कळ जण हसले. काका थबकले. त्यांनी मान किंचित तिरपी केली, हसण्याच्या दिशेने, जणू तिथे काय आहे ते कानाने पाहावे. आणि शेवटच्या रांगेत यंत्राशेजारी उभ्या असलेल्या अन्सेल्मोला सगळे एकदम कळले. खुर्च्यांच्या पाठी. बाईंचा दंड. मुका टीव्ही, ज्याच्यासमोर बाबा फक्त बसत. रेषेवरचा तो भलताच मुलगा. बाबांना दिसत नव्हते. आणि दिसत नसलेल्या माणसाला आपण वर्षभर एकामागून एक पुस्तके देत गेलो. त्याने प्रत्येक पुस्तक हातात धरले, आठवडाभर ठेवले, आणि मुलाचे मन राखायला म्हणाला, चांगलं आहे.

सभागृहाच्या मधून, सगळ्यांच्या देखत, पडद्यावर आपली सावली पाडत चालत जाणे, हे अन्सेल्मोने शुद्धीवर असताना कधी केले नसते. “बसा हो खाली,” असे दोघेतिघे ओरडले. तो वडिलांपाशी गेला, त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्याने तोंड त्यांच्या कानाशी नेले.

“पाऊस आहे, बाबा,” तो हळूच म्हणाला. “खूप पाऊस. ती गाय होती. तो एकटाच आहे, सगळ्यांच्या मागे. निळा शर्ट.”

हेराक्लियोकाकांचा मोकळा हात चाचपडत आला आणि मुलाच्या खांद्यावर टेकला.

“आणि आभाळ फिरलंय, मित्रांनो,” ते माइकमध्ये म्हणाले, “या डोंगरात ते असंच फिरतं. पाऊस! ती गाय पाहिलीत ना, तीही आडोशाला चालली, पण आपला गडी चाललाय वर. निळा शर्ट, एकटा, सगळ्यांच्या मागे.”

त्यानंतर जे झाले त्याची तोकाबित्यात अजून आठवण काढतात. अन्सेल्मो कुजबुजत होता आणि काका गर्जत होते. “चेन पडली,” तो म्हणे, आणि वरून आवाज येई, “चेनने दगा दिला हो, बारा गावं बरोबर आलेल्या चेनने!” सात नंबरचे तिघेही उठून उभे राहिले. “बाटली फेकली त्याने, रिकामी आहे,” आणि कोणाची तरी बाटली खरोखर पडद्याच्या दिशेने गेली. हॉर्न कानांवर पडेनासे झाले. ट्रकचालक खिडक्यांतून आत डोकावू लागले. पाद्रीबाबा पवित्र पाण्याचे भांडे घेऊन दारात उभे होते आणि रुग्णवाहिकेचा चालक बाकावर चढून मुठी आवळत होता. चित्रपटात काहीही घडत नव्हते, म्हणजे एक माणूस सावकाश मागे पडत होता. आणि सभागृहातल्या एकालाही हे ठाऊक नव्हते, की आपण एका अतिशय संथ, अतिशय दुःखी कलाकृतीचा आस्वाद घेत आहोत.

अन्सेल्मोला मात्र शेवट ठाऊक होता, आणि तो जवळ येत होता. लोक जिंकण्याची वाट पाहत होते. बाबांचा आवाज जिंकण्याच्या दिशेने चढत होता. खोटे सांगावे काय? सांगावे, की त्याने सर्वांना गाठले? बाबांना कळणार नव्हते. पण बाकी सगळ्यांना दिसत होते, आणि भलत्याला जिंकवण्याची शिक्षा या माणसाने एकदा भोगली होती.

“थांबला, बाबा,” तो म्हणाला.

“पंक्चर?” काकांनी माइक बाजूला करून विचारले.

“नाही. उतरलाय. सायकल कुंपणाला टेकवली. झाडाखाली बसलाय आणि बूट काढतोय.”

“मागून कोणी येतंय?”

“हाच शेवटचा.”

सभागृहात हळूहळू शांतता पसरली. उभे असलेले खाली बसले. क्रिसांतोशेठ हलक्या आवाजात म्हणाले, असा कसा बसतो, अहो उठा ना. पडद्यावर तो चेहरा मोठा होत होता. हेराक्लियोकाकांच्या हातात माइक उघडा होता आणि त्यातून काही येत नव्हते. मग त्यांनी तळहाताने माइक झाकून घेतला आणि मुलाकडे मान वळवली.

“चेहरा कसा आहे त्याचा?” त्यांनी विचारले. “सावकाश सांगा. मला घाई नाही.”

अन्सेल्मोने पडद्याकडे पाहिले. तो चेहरा त्याला पाठ होता, पण तो कोणाला सांगावा लागेल असे त्याला कधी वाटले नव्हते. त्याने सांगायला सुरुवात केली. पापण्यांवर पाणी आहे, पण ते पावसाचे की कशाचे ते कळत नाही. गालाला चिखल लागलाय, आणि तो पुसायचा त्याने सोडून दिलाय. वाईट वाटल्यासारखा दिसत नाही, बाबा. फार दिवस काहीतरी उचलून चाललेला माणूस ते खाली ठेवतो आणि हात अजून तसेच वाकलेले राहतात, तसा दिसतो. पायाच्या बोटांकडे बघतोय. जरासं हसतोय, वाटतं. नाही, हसत नाहीये. थांबा. आता हसला.

तो बोलत राहिला. इतके तो कोणाशी, कधीच बोलला नव्हता. काका डोळे मिटून ऐकत होते आणि माइकवरचा हात त्यांनी हलवला नाही. सगळे सभागृह त्या शांततेत बसून राहिले. हेल्मेट घातलेली, न घातलेली माणसे, दारातले ट्रकवाले. ते बापलेक एकमेकांशी काय बोलताहेत हे कोणाला ऐकू गेले नाही आणि कोणी विचारले नाही.

शेवटी हेराक्लियोकाकांनी हात बाजूला केला.

“मित्रांनो,” ते म्हणाले, “पुढचे सगळे पोहोचलेत, त्यांच्यापाशी माणसं आहेत, बँड आहे. आमची मोटारसायकल इथेच उभी आहे. निळ्या शर्टाजवळ कोणी नाही, म्हणून आम्ही थांबलोय. त्याला उठावंसं वाटलं तर आम्ही कळवू. नाही वाटलं, तरी आम्ही इथेच आहोत.”

मग ते मुलाच्या कानाशी वाकले. आता झाड कसलं आहे ते सांगा, ते म्हणाले.